‘मी ढ आहे’ म्हणणाऱ्या मुलाला सांभाळताना

रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावावर भेळ खाताना मजेत असलेलं पोर रात्री दप्तर भरायची वेळ आली की ‘पोटात दुखालंय’ म्हणतं. डॉक्टर पोट तपासतात, औषध देतात, मंगळवारपर्यंत बरं वाटतं आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आईवडिलांची हकिगत इथूनच सुरू होते. वाचनाची तक्रार घेऊन फार थोडे येतात. पोटदुखी, चिडचिड, खोटं बोलणं, वह्या हरवणं, धाकट्या भावाला मारणं अशाच तक्रारी असतात. वाचनाचं नंतर निघतं.

मी विशेष शिक्षिका आहे. सकाळी शाळेत आणि दुपारनंतर मंगळवार पेठेतल्या घरी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते. कुणाला वाचन जमत नाही, तो डिस्लेक्सिया. कुणाला लिहिणं जमत नाही, तो डिसग्राफिया. कुणाचं आकड्यांपाशी अडतं, तो डिसकॅल्क्युलिया. पुष्कळांत दोन-तीन गोष्टी एकत्रच असतात. या मुलांना शिकवायचं कसं यावर आता बरंच बोललं जातं. त्यांचं मन कसं सांभाळायचं, हे मात्र ‘जरा समजून घ्या’ एवढ्यावर सोडून देतात. समजून घ्यायचं म्हणजे सकाळी सात ते रात्री दहा नेमकं काय करायचं, ते मी इथे लिहितेय.

माझं म्हणणं एवढंच आहे: अक्षरांची अडचण थोडीफार जन्मभर राहते आणि तिच्यासकट माणूस उत्तम जगतो. मूल खचतं ते रोज चारचौघांत होणाऱ्या फजितीने. तेव्हा ही फजिती दिवसात कुठे कुठे होते त्या जागा शोधायच्या आणि एकेक करून बंद करायच्या. शिकवणी, तपासणी, दाखला हे सगळं हवंच, पण ते चालू असताना फजितीही चालूच राहिली तर शिकवलेलं टिकत नाही.

आधी वही बघा

मार्क बघण्याआधी वही हातात घ्या. मागच्या पानांवरून बोट फिरवा. माझ्याकडच्या चौथीतल्या एका मुलीच्या वहीत पेन्सिल इतकी दाबून चालवलेली होती की पुढच्या तीन कोऱ्या पानांवर अक्षरं उमटली होती. ‘प्रार्थना’ हा शब्द तिने आधी ‘पार्थना’ लिहिला, खोडला, मग ‘प्राथर्ना’ लिहिला, तोही खोडला. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. त्या भोकाभोवती तिने पाकळ्या काढून त्याचं फूल केलं होतं. खाली लाल शेरा होता, ‘अक्षर सुधारणे’. ती मुलगी आळशी आहे, असं ही वही बघून कुणी म्हणणार नाही. एका शब्दावर तिने बाकीच्या मुलांच्या दहापट मेहनत घेतली होती आणि तरी शेरा तोच.

वहीत काय दिसतं? ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल. काना, मात्रा गळणं. रफार भलत्याच अक्षरावर बसणं. जोडाक्षर आलं की शब्द अर्धवट सोडून देणं. आकड्यांत पंचवीस ऐकून ५२ लिहिणं, कारण आपल्याकडे पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘पंचवीस’ला ‘वीस पाच’ अशी जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता; माझ्याकडच्या कितीतरी मुलांना मात्र त्याने पहिल्यांदा संख्या नीट लिहिता आली.

पहिली-दुसरीत अशा चुका सगळीच मुलं करतात. तिसरीनंतरही त्या जात नसतील, मूल तोंडी सगळं सांगत असेल आणि कागदावर काहीच उतरत नसेल, तर तपासायला हवं.

आता मनाची लक्षणं. वाचायची पाळी जवळ आली की लघवीला जायचं म्हणणं. वर्गात विदूषकपणा करणं, कारण ‘येत नाही’ म्हणून हसू होण्यापेक्षा ‘वात्रट आहे’ म्हणून शिक्षा झालेली मुलांना परवडते. डायरी मुद्दाम बाकाखाली सोडून येणं. नखं खाणं, झोपेत दचकणं, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं. गल्लीतल्या मुलांत खेळायला न जाणं. आणि ‘मला काय येतच नाही’, ‘मी ढ आहे’ हे सहजपणे, जणू स्वतःचा रोल नंबर सांगावा तसं बोलणं. या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका. रागात म्हटलेलं असेल तर त्यात अजून धुगधुगी आहे. शांतपणे म्हणत असेल तर त्याने ते पटवून घेतलंय.

मुलाला काय सांगायचं

‘तू हुशार आहेस, पण प्रयत्न कमी पडतात’ हे वाक्य आजपासून बंद करा. ते पोर आधीच सगळ्यांपेक्षा जास्त राबतंय. या वाक्यातून त्याला एवढंच ऐकू येतं की आपण राबतोय हेही कुणाला दिसत नाही.

मी मुलांना साधारण असं सांगते: ‘अक्षर बघायचं, त्याचा आवाज आठवायचा आणि आवाजाला आवाज जोडायचा, हे काम तुझा मेंदू सावकाश करतो. यात तुझी चूक नाही, आईची नाही, बाईंचीही नाही. ऐकलेलं तुला कळतं, बोलता तुला येतं. म्हणून वाचायचा सराव आपण वेगळ्या पद्धतीने करू आणि तोवर ऐकून शिकू.’ पाचवीच्या पुढच्या मुलांना डिस्लेक्सिया हे नावही सांगा. आईवडील घाबरतात, नाव कळलं तर पोर खचेल. माझा अनुभव उलटा आहे. तोवर त्याने स्वतःला दिलेलं नाव याहून कितीतरी वाईट असतं. एका मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजे मी येडा नाही नव्हं?’ मी म्हटलं, ‘नाहीस.’ तर म्हणतो, ‘मग हे आमच्या पप्पास्नी पण सांगा की.’

त्याचं बरोबर होतं. वडिलांना सांगावंच लागतं, कारण हे घराण्यात चालतं. मुलाची माहिती विचारता विचारता एखादे वडील गप्प होतात. उद्यमनगरात स्वतःचं वर्कशॉप चालवणारा माणूस, ड्रॉइंग बघून मशिनचा पार्ट हुबेहूब उभा करणारा. हळूच म्हणतो, ‘बाई, मला पण वाचताना असंच व्हायचं. मार खाऊन खाऊन शाळा सोडली.’ हे त्यांनी मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगावं, शक्यतो दोघंच असताना. माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा त्या पाच मिनिटांचा उपयोग जास्त होतो.

गृहपाठाची वेळ

बहुतेक घरांतली सगळ्यात मोठी रडारड इथेच होते. म्हणून इथे थोडं सविस्तर सांगते.

घड्याळ लावून बसा. दुसरी-तिसरीच्या मुलाला १५ मिनिटं, मोठ्याला २० ते २५ मिनिटं. मग उठू द्या, पाणी पिऊ द्या, अंगणात एक चक्कर मारू द्या. सगळं मिळून तासाच्या वर नेऊ नका. उरलं तर राहू द्या आणि डायरीत लिहा, ‘एक तास बसला होता, एवढं झालं,’ आणि खाली सही करा. ही सही मुलासाठी मोठी गोष्ट असते. उद्या बाई विचारतील तेव्हा तो एकटा नसतो.

इतिहास, भूगोल, विज्ञानाचा धडा तुम्ही वाचून दाखवा. त्या वेळी मुलाला वाचायला लावू नका. तेव्हा त्याला इतिहास शिकू द्या. वाचनाचा सराव वेगळ्या वेळी, वेगळ्या सोप्या मजकुरावर, दहा मिनिटं. तुम्हाला वेळ नसेल तर धडा फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. रात्री उसाला पाणी पाजायला गेलेल्या एका वडिलांनी बांधावर बसून धडे रेकॉर्ड करून पाठवलेत. मागे मोटरचा आवाज येतो, पण पोराला तेच आवडतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात आणि आताच्या फोनला मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवता येतो. निबंध लिहायचा असेल तर आधी बोलून सांगू द्या. मराठीत बोललेलं फोनवर टाइप होतं, मग ते बघून उतरवू द्या.

प्रश्नोत्तरं तोंडी घ्या. हात दुखायला लागला की उरलेली उत्तरं तुम्ही लिहा आणि खाली स्पष्ट टाका, ‘उत्तर मुलाचं, अक्षर आईचं.’ यात लबाडी काही नाही आणि शाळेलाही खरं कळतं.

एखादा शब्द चुकला की लगेच टोकू नका, ओळ संपू द्या. वाचताना अडखळला तर तीन-चार सेकंद थांबा आणि शब्द सांगून टाका. ‘आठव, आठव, काल तर येत होता’ असं म्हणू नका. काल येणारा शब्द आज न येणं हाच या अडचणीचा स्वभाव आहे.

आणि दोघांची रोजच भांडणं होत असतील तर आईने शिकवणं सोडावं. शेजारची कॉलेजला जाणारी ताई, आत्तेभाऊ, कुणीही शांत माणूस चालेल. शिकवायला दुसरं कुणी मिळेल; जवळ घेणारी आई मात्र त्याला एकच आहे, ती गृहपाठात खर्ची पडू देऊ नका.

लपवलेला पेपर गादीखाली सापडला तर ‘का लपवलास?’ विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. ‘दाखवायची भीती वाटली ना? पुढच्या वेळी भीती वाटू नये म्हणून मी काय करू?’ असं विचारा आणि तो जे सांगेल ते पाळा. मग हिरवा पेन घेऊन बसा आणि शुद्धलेखन चुकलेलं असलं तरी उत्तर बरोबर आहे अशा सगळ्या जागा दोघांनी मिळून खूण करा. निम्म्या पेपरवर हिरवं होतं. काय येतं आणि काय लिहिता येत नाही हे मुलाला पहिल्यांदा वेगवेगळं दिसतं.

शाळेत जायचं ते कागद घेऊन

शाळेत तोंडी बोललेलं विसरलं जातं. वर्गात पन्नास-साठ मुलं असतात, बाईंचा दोष नाही. एका पानाचं पत्र द्या. माझ्या मुलांच्या घरी मी असा मजकूर लिहून देते:

‘मा. वर्गशिक्षिका यांस, माझा मुलगा सहावी ब मध्ये शिकतो. त्याला वाचन-लेखनात अडचण आहे, तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे. त्याला वर्गात अचानक मोठ्याने वाचायला सांगू नये. वाचायचं असेल तर आदल्या दिवशी उतारा सांगावा, आम्ही घरी सराव करून घेऊ. फळ्यावरचं उतरवून झालं नाही तर शेजारच्या मुलाची वही घरी नेऊ द्यावी. गुण आणि चुका वर्गासमोर वाचून दाखवू नयेत. जिथे जमेल तिथे उत्तर तोंडी विचारावं. आमच्याकडून काय हवं ते कळवावं, आम्ही करू.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते असलं की पत्र तक्रार वाटत नाही. पत्राची एक प्रत मुख्याध्यापकांना द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या.

या विनंत्यांपैकी एकच मान्य होणार असेल तर अचानक वाचायला न लावण्याची मान्य करून घ्या. मराठीच्या तासाला ओळीने वाचन सुरू होतं, पुढचा बाक, मग त्याच्या मागचा, आणि हे पोर आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते मोजत बसतं. त्या वीस मिनिटांत धडा त्याच्या कानावर पडतच नाही. हा तास दिवसातून दोनदा, आठवड्यातून पाच-सहा दिवस. ही एक जागा बंद झाली की सोमवारची पोटदुखी कमी झालेली मी पाहिली आहे.

चांगल्या शब्दांत सांगून भागत नसेल, मुलाला वर्गात ‘मठ्ठ’ म्हणत असतील, बाकावर उभं करत असतील, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी. अर्जात हे कलम लिहा. आवाज चढवायची गरज पडत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याच गावात एखादं मूल अपमानाला भिऊन शाळा सोडत असेल तर मला ते सहन होत नाही, आणि बैठकीत मी हे बोलूनही दाखवते.

तपासणी आणि दाखला

आधी डोळे आणि कान. चष्मा लागलेला असतो, कानात दोष असतो आणि घरचे अभ्यासावरून रागावत असतात. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही मुलाची अडचण सांगा. त्यानंतर मानसशास्त्रज्ञांकडून बुद्ध्यांक चाचणी आणि वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. साधारण आठ वर्षांच्या आधी ठाम निदान करत नाहीत, पण मदत सुरू करायला निदानाची वाट बघायची गरज नाही. चाचणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत व्हायला हवी. इंग्रजी माध्यमातल्या मुलाचं मराठी वाचनही तपासा. मराठी सरळ वाचत असेल आणि फक्त इंग्रजीत अडत असेल तर कारण वेगळं असू शकतं. चाचणीला नेताना मुलाला ‘डॉक्टर तुझं डोकं तपासणार’ असं सांगू नका. ‘तुला कसं शिकवलं तर सोपं जाईल ते शोधायचंय’ असं सांगा, आणि तेच खरं आहे.

विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येते. ‘आमच्या पोराला दिव्यांग म्हणायचं?’ म्हणून पुष्कळ घरं दाखला टाळतात. त्यांचं दुखणं मला कळतं, पण दाखल्याने मुलाच्या अंगावर शिक्का बसत नाही, हक्क मिळतो. महाराष्ट्रात १९९६ पासून बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती आहेत: दर तासामागे २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना गुण न कापणं, गणिताची अडचण असेल तर कॅल्क्युलेटर. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. खाजगी अहवाल वर्गात उपयोगी पडतो, बोर्डाला मात्र अधिकार दिलेल्या सरकारी रुग्णालयाचाच दाखला लागतो. चौकशी सीपीआरमधून, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयातून, सुरू करा, आणि नववीतच करा. दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ केली की मुलाचा धीर त्यातच जातो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक गट साधन केंद्रात आणि शहर साधन केंद्रात असतात. कागदपत्रांचं त्यांना पक्कं ठाऊक असतं.

वाचनाच्या अडचणीवर गोळी नाही, सिरप नाही. ‘मेंदू जागृत करणारे’ क्लास आणि स्मरणशक्तीची टॉनिकं यांत पैसे घालू नका. तेच पैसे नियमित रेमेडियल शिकवणीला द्या. अस्वस्थपणा किंवा एकाग्रता न होणं, म्हणजे एडीएचडी, सोबत असेल तर त्यावर मात्र औषध आहे आणि ते तज्ज्ञ डॉक्टरच ठरवतात. तशी चिठ्ठी मिळाली तर भिऊ नका.

भीती मोजायची रीत

ज्या मुलाला लिहिणं जमत नाही त्याला ‘मनातलं डायरीत लिही’ सांगून चालत नाही. बोटं वापरा. सकाळी दूध घेताना विचारा, ‘आज भीती किती?’ शून्य ते पाच बोटं. तीन बोटं दाखवली तर ‘काही होत नाही रे’ म्हणू नका. ‘कुठल्या तासाची?’ विचारा. ‘हिंदीची’ म्हणाला तर दोघं मिळून हिंदीच्या तासाचं काय करायचं ते ठरवा. संध्याकाळी पुन्हा विचारा, ‘त्या तासाला किती झाली?’ सकाळी चार असलेली भीती तासाला दोनच होती, हे मुलाला स्वतःच्या बोटांवर दिसलं की पुढच्या सोमवारी ते थोडं सोपं जातं.

श्वासाचा सराव रात्री, मन शांत असताना करून घ्या. चार आकडे मोजत आत, मग गरम चहावर फुंकर घालतो तशी सहा आकडे बाहेर. पाच वेळा. आधी सराव नसेल तर ऐन वर्गात हे आठवत नाही.

भीती वाटते म्हणून शाळा सलग बुडवू देऊ नका. घरी राहिलेला प्रत्येक दिवस दुसऱ्या दिवशीचं दार जड करतो. आधी बाईंशी बोलून त्या तासाचा बंदोबस्त करा आणि मग पाठवा. आठवडा-दोन आठवडे मूल गेलंच नसेल तर पहिले काही दिवस अर्धा दिवस पाठवायची परवानगी मागा.

मैदान बंद करू नका

‘मार्क पडत नाहीत तोवर फुटबॉल बंद.’ या शिक्षेचा मला फार राग येतो. पेठेतलं पोर दिवसभर वर्गात मागच्या बाकावर असतं आणि संध्याकाळी मैदानात कुणीतरी त्याचं नाव घेऊन पास मागतं. तो अर्धा-पाऊण तास त्याच्या दिवसातला एकमेव चांगला वेळ असेल तर तो तुम्ही कसा काढून घेता? तालमीतली कुस्ती, गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, आजोबांशेजारी बसून केलेलं कोरीव काम, गोठ्यातली म्हैस, तबला. जे हाताला जमतं ते बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढू नका. ते रोजच्या जेवणासारखं राहू द्या.

यातून वाचनही निघतं. आठवीतला एक मुलगा पुस्तक बघितलं की मान फिरवायचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार यांचा सामना झाला की मात्र दुसऱ्या दिवशी पेपरचं खेळाचं पान घेऊन यायचा. खेळाडूंची नावं त्याला आधीच पाठ, सामना त्याने डोळ्यांनी पाहिलेला. बोट ठेवून एकेक शब्द लावायचा आणि मध्येच थांबून सांगायचा, ‘बाई, हे चुकीचं छापलंय, तो गोल डाव्या पायानं झाला.’ वाचलेलं चूक आहे असं म्हणण्याइतका हक्क त्याला तिथे वाटत होता. सामन्याच्या बातम्या वर्षभर आमचं वाचनाचं पुस्तक झाल्या.

पाहुणे, आजोबा, भावंडं

लग्नात, जत्रेत ‘कितवीला? किती टक्के?’ हा प्रश्न येणारच. मुलाला उत्तर द्यायला लावू नका, तुम्ही पटकन म्हणा, ‘आठवीला आहे आणि फुटबॉलमध्ये डिफेन्सला खेळतोय, या एकदा बघायला.’ आजोबा ‘आमच्या घराण्यात असलं कुणी नव्हतं’ म्हणत असतील तर मुलासमोर वाद घालू नका, नंतर एकदा त्यांना माझ्यासारख्या कुणाकडे सोबत घेऊन या. आजी-आजोबांना कळलं की त्यांच्याइतकं गोष्टी वाचून दाखवणारं कुणी नसतं.

भावंडांची तुलना तोंडाने बंद होते, पण भिंतीवर एकाचीच सर्टिफिकेटं लावलेली असतात. तीही बघा. आणि ज्याला वाचता येतं त्या भावंडाकडे याच्या अभ्यासाची जबाबदारी टाकू नका. दोघांचं नातं बिघडतं.

हे दिसलं तर थांबायचं नाही

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण बिघडलं, आवडीचा खेळही नकोसा झाला, अंगावर ओरखडे किंवा कापल्याच्या खुणा दिसल्या, स्वतःच्या जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकायला लागला, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोलला, तर शिकवणी, परीक्षा सगळं बाजूला ठेवा. शांतपणे सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायची वाट मोकळी होते. रडू नका, रागावू नका, शपथा घालू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, आता मी तुझ्याबरोबर आहे’ एवढं म्हणा आणि त्याला एकटं सोडू नका. तणनाशक, कीटकनाशक, घरातल्या गोळ्या कुलपात टाका. शेतकरी घरांत हे आजच्या आज करा, काही झालेलं नसलं तरी.

टेली-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. मुलाबद्दल काय बोलायचं सुचत नसेल तर आईवडिलांनी स्वतःसाठीही फोन करावा. मुलावर कुणी अत्याचार करत असेल तर १०९८. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. जिवाला धोका वाटत असेल तर थेट तिथे तातडीच्या विभागात न्या.

एरवीच्या समुपदेशनासाठी माणूस निवडताना बघा: तो मुलाशी एकट्याने बोलतो का, मुलाने सांगितलेलं गुपित राखतो का, तुम्हालाही घरी करायचं काही काम देतो का. आणि मूल दुसऱ्यांदा यायला तयार आहे का. दोन-तीन भेटींनंतरही मूल अंग चोरत असेल तर दुसरा माणूस शोधा.

दर जूनला

वर्ग बदलला की बाई बदलतात, आणि मागच्या वर्षीचं सगळं नव्या वर्गात पोचतंच असं नाही. पाचवीला आणि आठवीला तर पुष्कळदा शाळाच बदलते. म्हणून जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यात, पत्र नव्याने लिहा. जुन्या वर्गशिक्षिकेकडून दोन ओळी मागून घ्या, ‘या मुलाला काय केल्यावर सोपं गेलं’. नव्या बाई पालकांपेक्षा सहकाऱ्याचं पटकन ऐकतात. एका फाइलमध्ये अहवाल, दाखला, पत्राच्या पोच दिलेल्या प्रती आणि हिरव्या खुणा केलेले दोन-तीन पेपर ठेवा. सहावीपासून पत्रात काय लिहायचं ते मुलालाच विचारा. आठवी-नववीत त्याने स्वतः बाईंना भेटून म्हणावं, ‘मला अचानक वाचायला सांगू नका, आदल्या दिवशी सांगितलं तर मी वाचतो.’ याचा सराव घरी करून घ्या: तुम्ही बाई व्हा, तो तो होऊ दे, आणि मध्येच तुम्ही जरा कडक बाईही होऊन बघा.